पाठीकडचं दार

१

सकाळी नळाला पाणी आलं की तुळशीचा दिवस सुरू व्हायचा. आधी पिंप भरायचं, मग बादल्या, मग आईची अंघोळ. आईला मोरीतल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसवायचं, म्हणजे तिला नळ धरून बसता यायचं. तुळशी मागे उभी राहून पाठीवर पाणी ओतायची, पंच्यानं चोळायची आणि काहीबाही बोलत राहायची. उत्तर यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी विठाबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. उजव्या अंगातली ताकद थोडी परतली, बोलणं परतलं नाही. एके काळी ही बाई जांभूळ गावाहून भेंडी आणि काकडीचे भारे घेऊन अंबरनाथच्या बाजारात बसायची आणि तिची हाक पार पुलापर्यंत जायची. लेकीला ती कधी नावानं बोलवत नसे. "बाय" म्हणायची. "बाय गो, पानी दे." "बाय, जेवलीस का?" त्या एका शब्दासाठी तुळशीचे कान दोन वर्षं तहानलेले होते.

डॉक्टर म्हणाले होते, "आत सगळं शाबूत आहे हो. फक्त बाहेर यायला वाट सापडत नाही त्यांना."

हे वाक्य तुळशीनं गाठीशी बांधून ठेवलं होतं. शेजारच्या सरस्वतीमावशी आल्या, की आईला त्यांच्या हवाली करून ती कानसईतल्या नाक्यावरून शेअर रिक्षा धरायची आणि कामावर जायची.

काम होतं औद्योगिक वसाहतीत, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. बुद्धभूषण सर जन्मभर तेलाच्या विहिरींसाठी माती तपासत आले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. समुद्रात खोल खणलेल्या विहिरींतली माती इथे यायची. ती आम्लात विरघळवायची, उरलेली चिमूटभर धूळ काचेच्या पट्टीवर पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. त्या धुळीत डायनोफ्लॅजेलेट नावाच्या जिवांचे कोष असत. केसाच्या जाडीएवढे.

तुळशीला हे पहिल्यांदा समजावताना सर म्हणाले होते, "हा समुद्रातला एका पेशीचा जीव. दिवस वाईट आले की स्वतःभोवती टणक कोष करतो आणि आत झोपतो. दिवस बरे आले की कोषाला पाठीकडून एक झाकण उघडतं, तो बाहेर पडतो आणि चालू लागतो. मागे उरतं रिकामं घर. ते तळाला जातं, दगड होतं. पाच कोटी वर्षांनी आपल्याला सापडतं. आपण रिकाम्या घरांचे दलाल, तुळशी."

ते दार कुठे आहे, किती कोनांचं आहे, यावरून कोषाचं घराणं ठरायचं. बारा वर्षं तुळशी दारंच बघत आली होती.

२

त्या पावसाळ्यानंतर आलेल्या एका मातीत वेगळेच कोष निघाले. लांबट गोल, भिंत दुपदरी, अंगावर रव्यासारखी कणी, माथ्याला एक बारीकसं शिंग. कुठल्याच पुस्तकात नव्हते. आणि एकालाही दार नव्हतं.

तुळशीनं पट्ट्यांमागून पट्ट्या पालथ्या घातल्या. सगळे कोष बंद.

"न उघडलेले कोष असतात अधूनमधून," सर म्हणाले. "आतला जीव आतच मेला, संपलं."

"पण सगळेच?"

"सगळ्यांचेच दिवस वाईट असतील. आपले नव्हते का?" सर स्वतःच्याच बोलण्यावर हसले. "मजा बघ. जन्मभर जात मोडायला निघालेला माणूस मी, आणि पोटासाठी जाती ठरवत बसलोय."

नव्या जातीचं वर्णन लिहून सरांनी एका नियतकालिकाकडे पाठवलं. परीक्षकाचा शेरा आला: दार दाखवल्याशिवाय घराणं मान्य करता येणार नाही.

"चित्रात दार काढ," सर म्हणाले.

"पण दिसत नाही ना हो सर."

"दिसत नाही म्हणजे नाही, असं थोडंच आहे? याची सगळी भावंडं पाठीवरूनच उघडतात. माथ्याच्या खाली, मधोमध, पाच कोनी. हाच काय तो शहाणा पोटातून उघडणार आहे?"

"मग टिंबांची रेघ काढते. म्हणजे अंदाज आहे हे कळेल."

"टिंबं बघितली की तो पुन्हा विचारणार. सरळ काढ गं. सगळे काढतात."

तुळशीनं ट्रेसिंग कागद घेतला. चांगला भरलेला, कुठेही न चेपलेला एक कोष निवडला. नव्या जातीसाठी असा एकच दाणा निवडायचा असतो. त्याला मूळ नमुना म्हणतात. जातीचं नाव शेवटी त्या एका दाण्याचंच असतं. तो काचेत बघून तिनं चित्र पुरं केलं आणि शेवटी जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे शाईनं पाच रेघा ओढल्या. शेवटच्या कोपऱ्याशी आली आणि खालच्या रस्त्यावरून टँकर गेला. टेबल थरथरलं. डाव्या खालच्या कोपऱ्याला शाईची एक बारीक शेपटी फुटली.

"राहू दे," सर म्हणाले. "कोण बघतंय. आता नाव सांग. नाव तूच द्यायचं."

तुळशी लाजली. "आईचं चालेल?"

"विठाचं लॅटिनमध्ये विठाए होईल. चालेल की. फक्त नीट विचार कर. एकदा छापलं की नाव देणाऱ्यालाही ते परत घेता येत नाही. असा नियमच आहे."

तिला त्यात विचार करण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही.

वर्णन छापून आलं त्या दिवशी तिनं घरी येऊन मोबाईलवर आईला चित्र दाखवलं आणि मराठीत करून वाचून दाखवलं. "आकार लांबट गोल. भिंत दुपदरी. माथ्याला लहान शिंग."

"अगो बाई!" सरस्वतीमावशी पोहे निवडता निवडता ओरडल्या. "आईला शिंग लावलंस होय गं? विठाताई, बघा तुमच्या लेकीचे प्रताप! शिकवून हे फळ."

तुळशी हसत पुढे वाचू लागली. "दार पाठीवर, मधोमध, पाच कोनी."

आई हसली नाही. मान वळवणं तिला जड जायचं, तरी तिनं ती हळूहळू वळवली. स्वतःच्या खांद्यामागे बघायला.

३

मूळ नमुन्याची पट्टी कायमची कपाटात ठेवायची असते. ठेवण्याआधी तुळशीनं ती एकदा बघायला घेतली. नेहमीसारखा पंखा बंद केला, खिडकीला पडदा ओढला, दिवा लावला. तिचा डोळा त्या दाण्यावर इतक्यांदा टेकला होता की आता तो न शोधता सापडायचा.

दाण्याच्या पाठीवर रेघ होती.

तिनं डोळा काढला. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. अतिशय बारीक, पाच कोनांची, पूर्ण रेघ. दार बंदच होतं, पण दाराची फट आता होती.

आधी दिसली नसेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. दाणा ज्या जेलीत बसवलेला असतो ती सुकताना आकसते. वरच्या काचेचा दाब पडतो. मग जुनी फट उघडी पडते. होतं असं. तिनं दाण्याची वरची कड बघितली, खालची बघितली, आणि डाव्या खालच्या कोपऱ्याशी येऊन थांबली.

तिथे रेघेला एक शेपटी होती.

"सर, जरा बघता?"

सरांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बघ! मी म्हटलं नव्हतं? पाठीवरच आहे! आणि अगदी तू काढलीस तशी."

"सर, ती शेपटी माझा हात हलला म्हणून आली होती. टँकर गेला तेव्हा."

"अगं, डोळ्यानं बघितलं होतं, मनाला कळलं नव्हतं. हातानं काढलं. बारा वर्षांचा हात आहे तो." सर खुशीत चहा सांगायला गेले.

पटण्यासारखंच होतं. तुळशीनं पट्टी कपाटात ठेवली. मग दार लोटून कडी लावली, आणि कडी लागली आहे ना हे पुन्हा ओढून बघितलं. तशी सवय तिला नव्हती.

४

रविवारी अंघोळ सावकाश व्हायची. ऊन मोरीच्या जाळीतून आत यायचं. तुळशीनं आईच्या पाठीवरून साबणाचा फेस धुतला, आणि पाणी ओघळून गेलं तिथे, दोन खांद्यांच्या मध्ये, तिला एक रेघ दिसली.

तिनं तांब्या खाली ठेवला.

साडीची चुणी रुतली की वळ उठतो, तशी ती पहिल्यांदा वाटली. पण वळाची कातडी तांबडी होते. इथे कातडी नेहमीसारखीच सावळी, सैल. फक्त त्यातून एक रेघ गेली होती, केसाएवढी. तुळशीनं बोट टेकवलं. बोटाला काही लागलं नाही. नखाला लागलं. काचेच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावरून नख जावं तसं.

वर एक कोपरा. बाजूला दोन. खाली दोन. डाव्या खालच्या कोपऱ्याला शेपटी.

नळ ठिबकत होता. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, नळ धरून. तिची पाठ श्वासाबरोबर वर-खाली होत होती. तुळशी किती वेळ मागे उभी होती कोण जाणे, तिच्या पायांखालचं पाणी गार झालं.

तिनं सरस्वतीमावशींना हाक मारली. मावशी पदराला हात पुसत आल्या, वाकल्या, डोळे बारीक केले.

"खाटेच्या पट्ट्यांचा वळ आहे. मी सांगत नव्हते, जाड गादी घे? दिवसभर एका कुशीवर पडलं की उठतात असे."

"मावशी, पाच कोन आहेत."

"मग काय सहा पाहिजे होते? पावडर लाव आणि सुती झंपर घाल. दगडं बघून बघून तुझे डोळे फिरलेत." मग तुळशीचा चेहरा बघून त्या जरा नरमल्या. "दुखतंय का त्यांना?"

दुखत नसावं. आईचा चेहरा शांत होता. फार दिवसांनी इतका शांत.

डॉक्टरांना फोटो पाठवला. फोटोत रेघ उमटलीच नाही. फक्त म्हाताऱ्या बाईची ओली पाठ.

५

सोमवारी तिनं जाऊन पहिली कपाटाची कडी काढली. मूळ नमुना होता तसाच होता, रेघेसह, बंद. तिला जरा बरं वाटलं. मग ती पट्टी तिनं भिंगाखाली जराशी सरकवली. त्याच पट्टीवर त्या जातीचे आणखी कितीतरी दाणे होते. ते बघायचं ती विसरूनच गेली होती.

ते सगळे उघडे होते.

प्रत्येकाच्या पाठीला पाच कोनी भोक, आणि शेजारी पडलेलं झाकण. कुठे झाकण अजून एका कडेनं लटकत होतं. घरं रिकामी.

तुळशी घट्ट बसून राहिली. खालच्या गाळ्यात पत्रा कापायचं यंत्र सुरू झालं आणि थांबलं. दिव्याच्या उष्णतेनं झाकणं सुटू शकतात, तिनं विचार केला. ठिसूळ झालेली असतात. सुटू शकतात.

पण तिनं जेली बघितली. ती गोठली की काचेसारखी स्वच्छ, एकजीव असते. त्या स्वच्छ जेलीत प्रत्येक रिकाम्या घरापासून एक बारीक वाट निघाली होती. गोगलगाय गेल्यावर फरशीवर राहते तशी. सगळ्या वाटा एका दिशेनं, वरच्या काचेच्या कडेकडे गेल्या होत्या. हवा जाऊ नये म्हणून त्या कडेला ती स्वतःच्या हातानं नेलपॉलिश लावून ठेवायची. लाल रंगाच्या त्या पट्ट्यात एका जागी बारीकसा तडा होता.

ती पट्टी घेऊन सरांच्या टेबलाशी गेली आणि बाकीच्या दाण्यांची झाकणं उघडल्याचं तिनं सांगितलं. "सर, आपल्याला ते चित्र बदलता येईल? चुकलं होतं म्हणून कळवू या. दार नाही असं लिहू या."

"आता? दार तर सापडलं."

"मग नाव तरी बदलू या. दुसरं कुठलंही द्या. माझं द्या."

सरांनी चष्मा काढला. ते मायेनं बघत होते, आणि तेच तिला सहन होईना. "तुळशी, आईची तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"नाव नाही बदलता येत, बाळा. तुला सांगितलं होतं मी. मी नाही बदलू शकत, तूही नाही."

"आणि पट्टी फुटली तर? मूळ नमुनाच नाहीसा झाला तर?"

"तर चित्र आहेच की. नमुना गेला की त्याच्या जागी चित्र धरतात." त्यांनी तिच्या हातातली पट्टी काढून घेतली. "घरी जा. दोन दिवस झोप काढ. आणि ती उघडी झाकणं म्हणजे वाईट बातमी नाही. उलट आपल्यावरचा आक्षेप गेला."

तिनं त्यांना वाटा दाखवल्या. सरांनी बराच वेळ बघितलं. मग डोळा काढून म्हणाले, "जेली जुनी झाली असेल." पण ती पट्टी परत कपाटात ठेवल्यावर ते बेसिनशी गेले आणि त्यांनी साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत.

६

चित्र आहेच की, हे तुळशीच्या डोक्यात बसलं.

ट्रेसिंग कागदावरचं मूळ चित्र तिच्या घरी फाईलमध्ये होतं. दुपारची वेळ. आई आतल्या खोलीत निजलेली, मावशी त्यांच्या घरी जेवायला गेलेल्या. तुळशीनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरला. ट्रेसिंग कागदावरची शाई ब्लेडनं खरवडून काढायची असते. हे ती शेकडो वेळा करत आली होती. हात हलका ठेवायचा, पात्याचा कोपरा लावायचा नाही, आडवं पातं फिरवायचं.

सगळ्यात आधी शेपटी, तिनं ठरवलं. ती तर नक्कीच खोटी होती.

तिनं पातं टेकवून एकदा ओढलं.

आतल्या खोलीतून आवाज आला. स्स्स. भाजल्यावर माणूस दातांतून श्वास घेतं तसा.

दोन वर्षांत त्या खोलीतून आवाज आला नव्हता. तुळशीचा हात तसाच राहिला. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मांजर असेल, तिला वाटलं. खिडकी असेल. तिनं पुन्हा पातं टेकवलं, पहिल्यापेक्षा हलकं.

स्स्स.

ती धावत आत गेली. आई कुशीवर होती, डोळे उघडे. पाठीवरच्या झंपरावर, डावीकडे खाली, रक्ताचा एक थेंब उमटला होता आणि कापडात पसरत होता. तुळशीनं हुक काढले. शेपटीच्या जागी ताजा ओरखडा होता. बाकी रेघ शाबूत होती. उलट जास्त ठळक.

ती खाटेशी बसून रडली. "आई, मी काय करून बसले गं." आईनं डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. तो हात कागदासारखा हलका होता.

त्यानंतर तिनं ब्लेड हातात घेतलं नाही. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून गादीखाली सपाट ठेवला, कुठे दुमडू नये म्हणून.

दोन दिवस ती घरी राहिली आणि आईकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी सरस्वतीमावशीच म्हणाल्या, "जा बाई कामावर. तू अशी टक लावून बसलीस तर माणूस बरं होणार कसं? आणि एक सांगते, खोटं नाही. विठाताई सुधारतायत."

"कशावरून?"

"काल तू दुकानात गेलीस ना, तेव्हा मी त्यांना एकटीनं उचलून खुर्चीत बसवलं. एरवी दोघी लागतो आपण! अंग मोकळं झालंय त्यांचं. आणि गुणगुणत होत्या."

तुळशीच्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी छातीत काहीतरी आनंदानं उसळलंही. दोन्ही एकदम झालं. "आई? गुणगुणत होती? काय?"

"ओवीबिवी असेल, जात्यावरची. शब्द नाही लागले. मी केस विंचरत होते मागे बसून." पोळपाटावरची पोळी त्यांनी उगाचच फिरवली. "समोर जाऊन बघितलं तर तोंड मिटलेलं. पण येत होता आवाज. मागे बसलं की जास्त नीट येत होता."

७

ती कामावर गेली ते एकाच गोष्टीसाठी. सर अजून यायचे होते. तिनं कपाट उघडलं, पट्टी लावली, दिवा लावला. पंखा बंद करायचंही विसरली.

मूळ नमुन्याचं झाकण एका बाजूनं वर आलं होतं. तीन रेघांची फट मोकळी झाली होती. झाकण दोन बाजूंनी अजून धरून होतं. फटीत काळोख होता, आणि ती बघत असताना त्या काळोखाच्या आत काहीतरी सरकून जवळ आलं. पंख्यामुळे पट्टी हलली असेल. असेलही. तिनं दिवा तसाच ठेवला आणि जिना उतरली.

रिक्षात तिच्याशेजारी दोन बाया बदलापूरच्या जागांचे भाव बोलत होत्या. तुळशी आपल्या हातांकडे बघत होती.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी नातवाला शाळेतून आणायला गेल्या असणार. या वेळेला त्या जायच्या. आत ऊन पडलेलं होतं. दुपारचं पाणी सुटलं होतं आणि मोरीतल्या पिंपात नळाची धार पडत होती. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. पाठ दाराकडे.

गुणगुणणं चालू होतं.

ओवीच होती. लावणीच्या वेळेला शेतात म्हणायची ती. तुळशीनं लहानपणी बांधावर बसून ऐकलेली. आवाज तोच. म्हातारपणाचा नव्हे, झटक्याआधीचाही नव्हे. बाजारातून पुलापर्यंत जायचा तो, भरलेला, मोकळा. आईच्या झंपराचं कापड खांद्यांच्या मध्ये आतून थोडं उचललं जात होतं आणि खाली बसत होतं.

तुळशी मागे जाऊन उभी राहिली. झंपराचे हुक पुढे होते. तिनं मागूनच गळ्याशी कापड धरून खाली ओढलं.

जेवढं दिसलं तेवढं पुरे होतं. तिनं कापड सोडलं आणि त्या जागेवर उजव्या हाताचा तळवा घट्ट दाबला. पूर्ण वजन टाकून, दार लोटून धरतात तसा. झाकण दबलं. आईचं अंग तिच्या वजनाखाली हललं, आत काही नसल्यासारखं.

गुणगुणणं थांबलं.

नळाची धार तेवढी ऐकू येत होती. तळव्याखाली कुणीतरी आतून बोटाचं पेर टेकवून बघितलं. मग जरा बाजूला. मग पुन्हा मधोमध. जोर करत नव्हतं. चाचपत होतं.

"बाय," आवाज आला.

तुळशीनं डोळे मिटले.

"बाय गो. हात काढ."

दोन वर्षं. दोन वर्षं ती याच शब्दासाठी झोपेतून दचकून उठत होती. तिनं डोळे उघडले आणि समोर बघितलं. खिडकीशेजारच्या कपाटाला आरसा होता. त्यात आईचा चेहरा दिसत होता. ओठ मिटलेले होते. डोळे मात्र तुळशीवर लागले होते, पाण्यानं भरलेले, आणि ते काहीतरी सांगत होते. काढ म्हणत होते की काढू नको म्हणत होते, हे तिला लेक असूनही कळेना.

"आई," ती आरशाकडे बघून म्हणाली, "मान हलव. काय करू सांग. एकदा मान हलव फक्त."

आरशातली मान हलली नाही. ती मान आता हलण्यासारखी राहिली नव्हती.

"बाय, जेवलीस का?" आवाज तळव्याखालून आला, अगदी तिच्या हाताला ऊब लागेल इतका जवळून. "उन्हाची आलीस. हात काढ गो. मला बघू दे तुला."

तुळशीनं हात काढला नाही. मावशी येईपर्यंत धरून बसायचं, तिनं ठरवलं. मावशी आल्या की दोघी मिळून काय ते बघू. नंतर आपला हात भरून येईल, मग दुसरा लावू. ती तशीच आईच्या मागे, खुर्चीला गुडघे टेकून, उभी राहिली. आवाज हळूहळू बोलत राहिला. जांभूळच्या शेताचं, काकडीच्या वेलाचं, ती लहान असताना तापानं फणफणली होती त्या पावसाचं. दुसऱ्या कोणाला ठाऊक नसलेलं सगळं. ती ऐकत राहिली. मध्येच हसली. एकदा "हो" म्हणाली.

आणि बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं, की मघापासून आपला हात दाबत नाहीये. तो नुसताच ठेवलेला आहे.